जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: खोलण्याआधी काय काय तपासायचं

नागपुरात जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली की फार दिवस जायच्या आत एक वाक्य कानावर पडतंच: "भाऊ, गिअरबॉक्स गेला याचा. खोलाच लागन." गाडी गिअर बदलताना दणका देत असो, डीमध्ये (पुढे जायच्या गिअरला) टाकल्यावर चार-पाच सेकंद जागची हलत नसो, नाहीतर रेस चढूनही वेग घेत नसो, तिन्ही तक्रारींवर उत्तर एकच. हे सांगणारा मिस्त्री लबाड असतो असं नाही. त्याची हयात मॅन्युअल गाड्यांवर गेलेली असते, आणि ज्या पेटीत आपण कधी हात घातला नाही तिच्यावरच माणसाचा पहिला संशय जातो.

पण जुन्या ऑटोमॅटिकचे निम्मेअधिक रडगाणे पेटीच्या बाहेरचे असतात, असं माझं ठाम मत आहे. ऑइल कमी किंवा चुकीचं, व्हॅक्यूमची नळी तडकलेली, केबल सैल, लिव्हरचा बुश झिजलेला, इंजिनाचं आयडल, म्हणजे पाय न देता फिरण्याचा वेग, चढलेलं. हे सगळं तुम्हाला स्वतःला तपासता येतं. त्यासाठी टॉर्च, जॅक, दोन मजबूत स्टँड, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, धागे न सुटणारं कापड, व्हॅक्यूम गेज आणि एक वही एवढं पुरतं. एकच आग्रह आहे: बाहेरून आत जायचं, आणि क्रम मोडायचा नाही. पेटी एकदा टेबलावर सुटी झाली की मूळ लक्षण पुन्हा बघायला मिळत नाही. ते गाडी चालती असतानाच टिपून घ्यायचं असतं.

पेटी कोणती आहे?

गाडीच्या नावावरून पेटी ठरवू नका. चाळीस-पन्नास वर्षांत कोणी काय बदललं असेल याचा भरवसा नाही. खाली वाकून चेंबरचा, म्हणजे पेटीच्या तळाला बोल्टने बसवलेल्या ऑइलच्या पत्र्याच्या तसराळ्याचा, आकार बघा आणि बोल्ट मोजा. फोर्डच्या १९६४ पासूनच्या सी फोर पेटीच्या चेंबरला ११ बोल्ट असतात, तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे सी सिक्सला १७. शेव्हरोले इम्पालात जुनी दोन गिअरची पॉवरग्लाइड असू शकते किंवा १९६९ पासूनची तीन गिअरची टर्बो हायड्रामॅटिक ३५०. हिचं चेंबर चौकोनी, एक कोपरा कापल्यासारखं, आणि बोल्ट १३. डॉज-प्लिमथमध्ये क्रायस्लरची टॉर्कफ्लाइट. मर्सिडीजच्या पेटीवर ७२२ ने सुरू होणारा क्रमांक ठोकलेला असतो, तो पुसून वहीत उतरवून घ्या. पार्ट मागवताना हाच क्रमांक विचारतात.

दोन गिअरच्या पॉवरग्लाइडला "तिसरा पडतच नाही" म्हणून गॅरेजला नेणारे लोक खरोखर आहेत. तसंच मर्सिडीजच्या चार गिअरच्या बऱ्याच जुन्या पेट्या हलक्या पायाने निघालं की दुसऱ्या गिअरमध्येच सुटतात. पहिला पडावा म्हणून पाय जोरात दाबावा लागतो. हा दोष नव्हे, बनावटच तशी आहे. म्हणून आपल्या पेटीचं वर्कशॉप मॅन्युअल आधी मिळवा, बाकी सगळं नंतर.

आत काय चालतं ते थोडक्यात. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो: समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसं काहीसं, फक्त वाऱ्याच्या जागी ऑइल. त्यामागे गिअरचे संच, आणि ते धरून ठेवणारे क्लच आणि बँड (आवळणारे पट्टे). क्लच-बँड आवळले जातात ऑइलच्या दाबाने, आणि तो दाब तयार करणारा पंप इंजिनावर फिरतो. म्हणजे ऑइल इथे नुसतं वंगण नाही, गाडी ओढणारी ताकदही त्याच्यातूनच जाते. म्हणून तपासणीची सुरुवात ऑइलपासून.

ऑइल

गाडी सपाट जागेवर हवी, उतारावरच्या घरासमोर नको. पंधरावीस मिनिटं चालवून आणा, म्हणजे ऑइल गरम होईल. हँडब्रेक लावा, चाकाला ठोकळे द्या, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागी एकेकदा थांबवत फिरवा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढा. इंजिन ऑइल बंद इंजिनावर बघायची सवय असल्यामुळे इथे हमखास गफलत होते. बंद इंजिनावर कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतं आणि पातळी जास्त दिसते. लिव्हर कुठे ठेवायचा हेही पेटीवर ठरतं: फोर्ड, मर्सिडीज आणि जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिकला पार्कमध्ये, पण जुन्या टॉर्कफ्लाइटला न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये तिच्या कन्व्हर्टरला ऑइल जात नाही.

डिपस्टिकवरच्या खुणांमधलं अंतर फसवं असतं. मर्सिडीजमध्ये मिन आणि मॅक्सच्या मधला फरक जेमतेम ०.३ लिटरचा, बहुतेक अमेरिकन पेट्यांत साधारण अर्ध्या लिटरचा. त्यामुळे एक लिटरचा डबा सरळ ओतून मोकळं व्हायचं नाही. ऑइल जास्त झालं की फिरत्या भागांना लागून त्याचा फेस होतो, फेसाला दाब नसतो, आणि गाडी कमी ऑइलसारखीच घसरू लागते. बारीक नरसाळ्याने थोडं थोडं घाला, दर वेळी पुन्हा बघा.

आता डिपस्टिकचं टोक पांढऱ्या कागदावर टेकवा आणि उजेडात नेऊन बघा. थेंब लालसर, पारदर्शक, कडेला पसरणारा असेल तर ठीक. तपकिरी झाला असेल पण वास नसेल, तर ऑइल जुनं आहे, एवढंच. काळपट थेंब आणि जळका, नाकात चढणारा वास, मध्ये बारीक काळे कण, असं दिसलं तर क्लचचं अस्तर जळलेलं आहे. ऑइल बदलून ते परत येणार नाही. आणि थेंब गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकच्या रंगाचा दिसला तर इंजिन तिथेच बंद करा. रेडिएटरच्या टाकीतला ऑइल कूलर फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलंय. क्लचच्या अस्तराला पाणी चालत नाही, ते सुटून येतं. अशी गाडी "गॅरेजपर्यंत नेतो" म्हणून चालवायचीही नाही.

"नवं ऑइल टाकलं की जुनी पेटी बसते", म्हणजे कामातून जाते, हे सगळीकडे ऐकाल. पेटी बसते ती आधीच जळलेल्या क्लचमुळे. नुसतं जुनं, पण वास न येणारं ऑइल बिनधास्त बदला. फक्त योग्य जातीचं. जनरल मोटर्सच्या जुन्या टाइप ए आणि डेक्स्रॉन टूच्या जागी डेक्स्रॉन थ्री दर्जाचं चालतं, जुन्या मर्सिडीजलाही तेच. जुन्या फोर्डच्या पेट्या मात्र टाइप एफ मागतात. त्याचं घर्षण वेगळं असतं. आजच्या सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) ऑइल यातल्या कशातच घालू नका, दुकानदार कितीही "सब में चलता है" म्हणाला तरी.

पातळी सारखी कमी होत असेल तर रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा खडूने आखा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. इंजिन आणि पेटीच्या सांध्याखाली लाल डाग असेल तर पुढचं पंपाचं सील, चेंबरच्या कडेला असेल तर पॅकिंग, मागच्या टोकाला असेल तर शेपटाचं ऑइल सील किंवा स्पीडोमीटर केबलची जागा. पुठ्ठा कोरडा आणि तरीही ऑइल गायब? मग पुढचा भाग लक्ष देऊन वाचा.

व्हॅक्यूम, केबल आणि लिव्हरची दांडी

इंजिनावर किती भार आहे हे जुन्या पेटीला कळावं लागतं, म्हणजे ती दाब आणि गिअर बदलण्याची वेळ ठरवते. त्या काळी कॉम्प्युटर नव्हता. पॉवरग्लाइड, टर्बो हायड्रामॅटिक, सी फोर, सी सिक्स आणि मर्सिडीजच्या ७२२ मालिकेत हे काम व्हॅक्यूम मॉड्युलेटर करतो: पेटीला बसवलेली एक छोटी गोल डबी, आत रबराचा पडदा, बाहेरून इंजिनाकडे जाणारी बारीक नळी.

हा पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं ऑइलच ओढून जाळू लागतं. खाली थेंब नाही, ऑइल घटतंय, सायलेन्सरमधून पांढरट धूर, आणि गिअर उशिरा व दणक्याने पडतायत, अशी ती चौकडी. मिस्त्री धूर बघून पिस्टन-रिंगचा हिशेब मांडतो. तुम्ही मॉड्युलेटरवरची नळी ओढून काढा आणि तिच्यात कापडाचं टोक घालून फिरवा. लाल ओल आली तर खेळ तिथेच संपला. मॉड्युलेटर बाहेरून बदलता येतो, पेटी उतरवायची गरज नाही.

नळी कोरडी असेल तर त्याच टोकाला गेज लावा. पेट्रोल इंजिन नीट असेल तर आयडलला समुद्रसपाटीवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे इंच, गेजवर तसेच लिहिलेले असतात) व्हॅक्यूम मिळतो. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, म्हणून आपल्याकडे एखादा इंच कमी दिसला तर घाबरू नका. इंजिनाच्या मॅनिफोल्डजवळ (जिथून ही नळी निघते तिथे) १८ आणि मॉड्युलेटरपाशी १० असेल, तर मधली नळी गळतेय. आपल्या उन्हाळ्यात रबर दोन-तीन वर्षांत कडक होऊन टोकाला चिरतं. टोक बोटांत वाकवून बघा, चीर लगेच दिसते.

मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ डिझेलचं प्रकरण वेगळं आहे, आणि २४० डी, ३०० डी बाळगणाऱ्यांनी हे आवर्जून समजून घ्यावं. डिझेल इंजिनाला आपला व्हॅक्यूम नसतो, तो वेगळा पंप करतो, आणि इंजेक्शन पंपावरचा एक व्हॉल्व्ह पाय किती दाबलाय त्यानुसार मॉड्युलेटरला कमी-जास्त देतो. त्याच पंपावर दरवाज्यांचे लॉक चालतात आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद करणारी डबीही. म्हणून गिअर दणक्याने पडत असतील तर आधी किल्ली बंद करून बघा. इंजिन घुटमळत, दोन-तीन सेकंद घेऊन बंद होत असेल किंवा होतच नसेल, तर गळती व्हॅक्यूममध्ये आहे. बहुतेक वेळा दरवाज्यातल्या लॉकच्या डबीचं रबर फाटलेलं असतं. लॉककडे जाणारी नळी तात्पुरती बंद करा आणि एक चक्कर मारा. दणका गेला, तर दोष दरवाज्यात होता आणि बिल गिअरबॉक्सचं होणार होतं.

लक्षात ठेवायला सोपं: व्हॅक्यूम कमी पोचला तर गिअर कडक पडतात, जास्त पोचला तर गुळगुळीत घसरत पडतात. दुसरी अवस्था ऐकायला बरी वाटते, पण क्लच तीच खाते. आणि मॉड्युलेटरची दाब जुळवणी गेज लावल्याशिवाय अंदाजाने फिरवू नका.

टॉर्कफ्लाइटला मॉड्युलेटर नसतो. कार्बोरेटरपासून पेटीपर्यंत दांडी असते. कार्बोरेटर बदलताना ही दांडी जोडायची राहिली किंवा तारेने बांधून ठेवली, की दाब कमी राहतो आणि पेटी थोड्याच दिवसांत जळते. दुसऱ्या माणसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि दांडी किंवा केबल शेवटपर्यंत जाते का, पाय काढल्यावर परत येते का, हे डोळ्यांनी बघा.

लिव्हरची तपासणी सोपी. गाडी पार्क आणि न्यूट्रल दोन्हींत स्टार्ट व्हायला हवी, आणि बाकी कशातच नाही. न्यूट्रलला लिव्हर जरा पुढे ढकलून धरल्यावरच स्टार्ट होत असेल, तर बुश झिजलेत. मग डी लावल्यावरही पेटीच्या आतला व्हॉल्व्ह अर्धवट जागी राहतो, दाब पूर्ण मिळत नाही आणि क्लच घासतात. प्लास्टिकच्या एवढ्याशा बुशसाठी पेटी गमावण्यासारखं दुःख नाही.

इंजिनाकडेही एक नजर टाका. आयडल जास्त असेल तर डी लावताना दणका बसणारच; एखादा प्लग मिसिंग असेल तर गिअर उशिरा पडतील. इंजिन-पेटी ज्यावर टेकतात ते फाउंडेशनचं रबर बसलं असेल किंवा मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला असेल तर "टण्ण" आवाज येतो आणि नाव गिअरबॉक्सचं होतं.

रस्त्यावरची परीक्षा

सकाळी लवकर निघा. सेमिनरी हिल्सचा चढ आणि वर्धा रोडवर खापरीच्या पुढे बुटीबोरीकडचा मोकळा पट्टा, एवढं पुरतं. शेजारी कोणीतरी वही घेऊन बसलेला हवा. चालवणाऱ्याने लिहायचं नाही. प्रत्येक गिअर किती वेगाला पडला, कसा पडला, हलक्या पायाने काय झालं, अर्ध्या पायाने काय झालं, हे लिहायचं. पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडतो का तेही. आणि थंड असताना व गरम झाल्यावर फरक पडतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. थंडीत उशीर आणि गरम झाल्यावर ठीक, तर आतली रबरी सील कडक झाली आहेत. थंड असताना ठीक आणि तापल्यावर घसरण, तर दाब गळतोय किंवा क्लच झिजलेत.

आता या नोंदींचा खरा उपयोग. तीन गिअरच्या टॉर्कफ्लाइट, सी फोर, टर्बो हायड्रामॅटिक ३५० यांच्यात कोणता क्लच कुठल्या गिअरला लागतो हे ठरलेलं असतं. त्यामुळे काय चालतंय आणि काय नाही यावरून आतला भाग न उघडता सांगता येतो.

तिसरा घसरतो आणि रिव्हर्सही घसरतो: दोघांना एकच क्लच लागतो, तोच गेला. पुढचे सगळे घसरतात, रिव्हर्स घट्ट: फॉरवर्ड क्लच. डीमध्ये गाडी सुटत नाही, पण लिव्हर १ वर टाकला की निघते: पहिल्या गिअरचा एकाच दिशेने फिरणारा क्लच. रिव्हर्स नाही, आणि लिव्हर १ वर ठेवून उतरताना इंजिन गाडी रोखत नाही: लो-रिव्हर्सचा बँड, किंवा ३५० मध्ये त्या जागचा क्लच. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना रेस मध्येच चढते: टॉर्कफ्लाइट आणि सी फोरमध्ये मधला बँड सैल. हा बँड बाहेरून जुळवता येतो. सी फोरमध्ये लॉक नट सोडून स्क्रू १० फूट-पाउंडला आवळायचा, मग पावणेदोन फेरे उलट सोडायचा, स्क्रू हलू न देता नवा नट लावायचा. एवढ्यावर बरी झालेली सी फोर कमी नाहीत. गिअर पुढे पडतच नाहीत, पहिल्यावरच गाडी ओरडते: गाडीचा वेग पेटीला कळवणारा गव्हर्नर अडकलेला असतो. आणि रिव्हर्ससकट सगळंच घसरत असेल तर क्लचला दोष देऊ नका. ऑइल, फिल्टर, पंप हा क्रम बघा.

जागेवरून निघताना गाडी सुस्त, पण साठच्या पुढे एकदम ठीक? तो कन्व्हर्टरच्या आतला स्टेटर, म्हणजे दोन पंख्यांच्या मधला तिसरा, असू शकतो. याची खात्री करायला ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची एक चाचणी आहे. नवख्याने ती करू नये. पाच सेकंदांच्या पुढे गेली की ऑइल उकळायला लागतं, आणि ब्रेक सुटला तर समोरची भिंत. दाबाचं गेज आणि मॅन्युअलमधले आकडे हाताशी असलेल्या माणसाकडूनच ती करून घ्या.

चेंबर उतरवणं

अजूनही संशय पेटीवरच असेल तर चेंबर काढा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर हवी. बऱ्याच अमेरिकन चेंबरना खाली प्लग नसतो. एका बाजूचे बोल्ट ढिले करून तिरकं करत ऑइल सोडावं लागतं, आणि ते गरम असतं.

रिकामं चेंबर उन्हात धरा. तळाला बोटाला लागणारी राखाडी चिकट साय थोडीशी असणं नेहमीचं आहे. काळा गाळ म्हणजे क्लच-बँडचं अस्तर. पिवळसर चमक म्हणजे बुश झिजतायत. चुंबकाला चिकटणारे टोकदार तुकडे म्हणजे गिअर किंवा बेअरिंग, आणि मग पेटी उतरवायचीच. फोटो काढून ठेवा. फिल्टर आणि पॅकिंग नवं लावा, बोल्ट हाताने समान बसवून मॅन्युअलच्या टॉर्कलाच आवळा. जास्त आवळलं की पत्र्याची कड वाकते आणि गळती कायमची. चेंबरमधून निम्म्याहून कमी ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. जुन्या मर्सिडीजच्या कन्व्हर्टरला वेगळा प्लग असतो, इंजिन हाताने फिरवून तो खालच्या खिडकीसमोर आणता येतो.

नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर असताना भरदुपारी सीताबर्डीच्या गर्दीत ही गाडी नेऊ नका. ऑइल रेडिएटरच्या टाकीतच थंड होतं, आणि रेडिएटर गाळाने अर्धा भरला असेल तर ते थंड होतच नाही. रेडिएटर साफ करून घ्या. गाडी उन्हाळ्यात वापरायचीच असेल, तर रेडिएटरच्या पुढे एक वेगळा ऑइल कूलर परतीच्या लाइनमध्ये बसवा. इथल्या हवेत याच्याइतका वाजवी खर्च दुसरा नाही.

गॅरेजला देताना

गाडी बंद पडली तर मागची चाकं जमिनीवर ठेवून टोचन करू नका. पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे आत ऑइल फिरत नाही आणि पेटी कोरडी घासते. सपाट गाडीवर चढवून न्या, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट सोडून ओढा. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या काही पेट्यांना मागे दुसरा पंप असायचा, त्यावरून "ढकलून स्टार्ट होते" ही समजूत राहिली आहे. तुमच्या पेटीला तो आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय ढकलू नका.

मिस्त्रीला "गिअरबॉक्स बघा" एवढंच सांगू नका. "दादा, तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरतात, थंड असताना ठीक आहे, ऑइल पातळीवर आहे, मॉड्युलेटरची नळी कोरडी आहे, चेंबरचे फोटो हे," असं सांगा. ज्याला काम येतं तो लगेच पुढचा प्रश्न विचारेल, आणि तेवढ्यावरून त्याचीही पारख होते. पेटी उघडायचं ठरलंच, तर तीन गोष्टी आधी लिहून घ्या: सील आणि क्लचचा संच पेटीच्या क्रमांकाप्रमाणे येईपर्यंत पेटी खोलायची नाही, कन्व्हर्टर तसाच परत न बसवता साफ किंवा नवा करायचा, आणि कूलरच्या दोन्ही लाइन धुवायच्या, कारण जुन्या पेटीचा गाळ तिथे बसलेला असतो आणि नव्या क्लचमध्ये पहिल्याच चक्करीत परत येतो. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून मागा.